बाबलकाकांचं गाऱ्हाणं

माडावरून उतरलेली संध्याकाळची पहिली माडी बाबलकाका कुणालाच देत नसत. ती उंबऱ्याबाहेरच्या दगडावर जागेच्या राखणदाराला ओतायची आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायचं. त्यांच्या गुत्त्यावर बसून गेलेल्या प्रत्येक मयताचं नाव त्यात असे. "ह्या सगळ्यांका तुझ्या सावलेत ठेव रे म्हाराजा!" बाकांवरून गजर व्हायचा, "व्हय म्हाराजा!" मगच खुंट्यांवरच्या करवंट्या खाली उतरायच्या. प्रत्येकाची करवंटी वेगळी.

हा माणूस मला कधी आवडला नाही. माझे बाबा आमच्यापेक्षा त्यांचे जास्त होते, एवढंच कारण. बाबा घरी मुकाट जेवत, मुकाट उठत आणि गुत्त्यावर जात. रस्त्यावरून जाताना आतलं हसणं ऐकलं की त्यात बाबांचं किती, असं मनात येऊन मी झपाझप पुढे जाई. आमच्या घराच्या शाकारणीला गडी यायचे. गुत्त्याच्या छपरावरचे नळे परतायला बाबा स्वतः चढायचे.

जांभ्याच्या भिंती, शेणाची जमीन, त्यांच्या पणजोबांच्या वेळचे बाक. पंखा लावा, काचेचे ग्लास आणा, असं कुणी म्हटलं की बाबलकाका म्हणत, "गुत्तो बदललंय तर गेलेल्यांका बसाक जागा खंय गावतली?"

गुत्ता त्यांचा असला तरी जमीन आमची होती. बाबांमागे ती माझ्या नावावर झाली आणि देवबागच्या एकाने तिथे होमस्टे बांधायला ती मागितली. गुत्ता पडणार म्हणून मला आनंद झाला. लिहितानाही लाज वाटते. बाबलकाकांना सांगायला मी मुद्दाम स्वतः गेलो.

"मास्तर इले! वळीन बसा रे!" कुणीतरी ओरडलं. मी शाळेत मास्तर; सगळे वर्गातल्यासारखे रांगेत सरकून बसले आणि हसले. गाऱ्हाण्यात बाबांचं नाव आलं. मग बाबलकाकांनी बाबांची करवंटी भरून माझ्यापुढे ठेवली. "घे रे मास्तरा, तुझ्या बापाशीची."

मी ती उचलली नाही. "बाबा इथे रोज एवढं बोलायचे तरी काय?"

"तुझो बापूस?" ते चकित झाले. "तो हंय पण गपच. हसायचे ते आमी. तो कोपऱ्यात बसान आयकायचो. गप कित्याक, असा आमी त्येका कधी इचारूक नाय."

घरी आम्ही रोज विचारत होतो, गप्प का म्हणून.

होमस्टेचा विषय मी काढलाच नाही. करवंटीतली माडी आंबूस लागली.

गेल्या पावसाळ्यात बाबलकाका गेले. आता त्यांचा पुतण्या गुत्ता चालवतो. यंदा गुत्त्याच्या शाकारणीला मी वर चढलो, तेव्हा खालून हाक आली, "मास्तरानू, नळे नीट बसवा, माडयेत पाणी नको!"

त्या संध्याकाळी पुतण्याने गाऱ्हाणं घातलं. बाबांचं नाव आलं आणि त्याला लागूनच बाबलकाकांचं. दोघं तिथेही शेजारी बसले असतील, या विचाराने मला अजून टोचतं. "व्हय म्हाराजा!" मात्र मी सगळ्यांत मोठ्याने म्हणतो.