नकाशात नसलेला चर

मॅलाकी गिननने तीस वर्षं एका कंपनीसाठी दलदलीत चर खणले. पाणी वाहून जायचं, खालचं पीट, म्हणजे जळणासारखी पेटणारी कुजकी माती, वाळायचं आणि वीजकेंद्रात जळायचं. मग वीजकेंद्र बंद झालं. त्याच कंपनीने त्याला त्याच यंत्रावर बसवून चर बुजवायला लावले. दलदल भिजलेली राहिली की हवेत जाणारा कार्बन जमिनीतच राहतो, असं इंजिनीअर पोरगी ऑर्ला सांगायची. त्याला ते पटलं होतं. तरी आपलाच चर बुजवताना तो मान खाली घालायचा.

त्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भागात पाणी चढेना. ऑर्लाने नकाशा तीनदा तपासला. पाणी चढलं नाही तर पुढच्या वर्षीचं काम बंद, आणि यंत्रावरची आठ माणसं घरी. मॅलाकी गप्प राहिला. पाणी कुठून जातं ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापाने फावड्याने खणलेला एक चर कुठल्याच नकाशात नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्या डिम्फनाचा पीट काढायचा जमिनीचा तुकडा त्याच चरामुळे कोरडा राहायचा. तिच्या घरातला विस्तव सासूच्या काळापासून विझलेला नाही. रोज रात्री ती निखारे राखेत झाकते आणि सकाळी फुंकते.

ऑगस्टमध्ये, उन्हाळा सरताना, तिचं वाळलेलं पीट घरी न्यायला नेहमीसारखे शेजारी जमले. ट्रॉली मॅलाकीनेच भरली, काठोकाठ. तिने तिथेच सगळ्यांना चहा आणि पाव-लोणी दिलं.

"एवढं रचतोस कशाला रे पोरा? जलप्रलय येणारेय का?"

सगळे हसले. अठ्ठावन्न वर्षांचा पोरगाही हसला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

सोमवारी त्याने तो चर बुजवला. महिन्याभरात तिच्या तुकड्यावर घोटाभर पाणी आलं.

तो आपल्याकडची पिटाची गोणी घेऊन तिच्याकडे गेला. ती तुकडा पाहून आली होती. बुटांना ओला चिखल होता.

"बापाचा चर ना?"

"हो."

"आधी सांगितलं असतंस तर मीच तुझ्याबरोबर फावडं धरलं असतं."

तिने चहा दिला, पण चुलीजवळची खुर्ची पुढे ओढली नाही. मीटर बघायला येणाऱ्या माणसासारखं त्याला दाराजवळच्या टेबलाशी बसवलं. तिच्याकडे दोन हिवाळे पुरेल एवढं पीट होतं. त्यानंतर विस्तवाचं काय, हे त्याने विचारलं नाही.

तो निघाला तेव्हा गोणी उंबऱ्याबाहेर, त्याने येताना ठेवली होती तिथेच होती.