पेशीले थांब म्हणणाऱ्या बाई

राजुऱ्यात पेशीची काळजी पोटच्या लेकरासारखी करणारी एकच बाई झाली, आमच्या शेजारची. शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत. त्यांच्या खिडकीत बारा महिने पाण्याच्या पेल्यांवर कांदे ठेवलेले असत, कारण कांद्याच्या मुळीच्या टोकाला पेशींचं विभाजन छान दिसतं. घरच्या भाजीत कांदा पडायचा तो मुळ्या कापून झाल्यावरच. चहाला गेलेल्या माणसाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्याशिवाय कप मिळत नसे. एकदा गॅसवाल्यानंही सिलिंडर खाली ठेवून गुणसूत्रं पाहिली आणि सांगितलं, "शेवया दिसून राह्यल्या, म्याडम." बाईंनी त्याला मनापासून शाबासकी दिली.

किनेज हे त्यांचं लाडकं एन्झाइम. "ते पेशीत असतेच, पण सायक्लिन नावाचं प्रथिन सोबतीले आल्याशिवाय हात हलवत नाई," असं त्या भाजीवालीलाही सांगत. जोडी जमली की किनेज इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, पेशी पुढच्या टप्प्यात जाते आणि काम झालं की सायक्लिन मोडीत निघतं. मधे तपासण्या असतात. डीएनएची नक्कल नीट उतरली नसेल, तर पेशी तिथंच थांबते.

आम्ही हे हसून ऐकायचो. मग आईच्या छातीत गाठ निघाली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, हाडापर्यंत गेलेला. घरी येऊन आई भिंतीकडे तोंड करून निजली. "कोणत्या तरी पापाचं हाये. मले दवाखान्यात नाई जायचं," एवढंच म्हणाली. माझं काही चाललं नाही. तिसऱ्या दिवशी बाई सूक्ष्मदर्शक उचलून आल्या आणि आईला त्यात पाहायला लावलं.

"ह्या कांद्याच्या पेशी, ताई. वेळेवर थांबतात. तुमच्या गाठीतल्या थांबून नाई राह्यल्या. त्यात पाप कुठी आलं?"

आईनं बराच वेळ पाहिलं. "मंग माही चूक नाई?"

"नाई."

दुसऱ्या सकाळी आई चंद्रपूरच्या बसमध्ये बसली, बाई तिच्या शेजारी. आईला किनेजला अडवणारीच गोळी मिळाली, तीन आठवडे घ्यायची आणि एक आठवडा बंद. गाठ आटली. रोग पुरता जाणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

पुढे एकदा तपासणीच्या रांगेत मुलचेऱ्याकडची एक बाई रडताना दिसली. आई तिच्याजवळ सरकली. "रडू नको. ते पेशीतली सायकल हाये ना, तिचा ब्रेक लागत नाई. गोळीनं लागते," असं तिनं समजावलं. मी सोबत आलेल्या आमच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी सायक्लिनचं नाव दुरुस्त केलं नाही. चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या.

आता बाई निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे राहतात. गोळी बंद असलेल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो. आई हल्ली लवकर थकते. बोलणं थोडंच होतं, पण दोघींपैकी कोणीच आधी फोन ठेवत नाही.