पोटऱ्या ताणणारा शिपाई

महाल भागातल्या चौकात आमची सभा असली की तो शिपाई बंदोबस्ताला हमखास असे. सरकारी दंडुक्याचा मला तिटकारा. तरी माझी नजर त्याच्याकडेच जाई. वक्ता रंगात आला की हा दिव्याच्या खांबाला दोन्ही हात टेकायचा, एक पाय मागे नेऊन टाच जमिनीला दाबून धरायचा आणि डोळे मिटून स्वस्थ राहायचा. मग दुसरा पाय. लोक हसत. एकदा मी विचारलेच, "खांब पाडता का, जमादार?"

"तुमचं भाषण लांबते, अन् मी उभा राहतो," तो म्हणाला. "पाय आखडले तं नोकरी जाईन."

विणकरांना सूत मिळावे म्हणून काढलेल्या आमच्या पत्रकांवर त्या उन्हाळ्यात बंदी आली. मी गठ्ठा घेऊन पळालो आणि तो माझ्यामागे. गल्लीच्या तोंडाशी माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्यावरच कोसळलो. आता दंडुका बसणार, असे वाटले. पण त्याने खाली बसून माझी चप्पल काढली, गुडघा सरळ दाबला आणि पायाची बोटे माझ्याकडे ढकलून धरली.

"बोंबलू नको गा, पाय सैल सोड. दिवसभर बसून लिहितं, अन् एकदम पळतं काहून?"

गोळा हळूहळू विरला. मी आभाराचे काही बोलणार, तोच त्याने पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला.

"चालता येते न आता?"

"येते."

"मंग चाल ठाण्यात."