हरिबाने शाळेत उचललेला भंडारा

विट्यातल्या त्या शाळेत पाचवीला नाव घातलं, की जूनमधल्या एका शनिवारी घरच्यांना बोलावतात. आईबापांनी पोराबरोबर तासाला बसायचं. घंटा झाली की उठून दुसऱ्या वर्गात जायचं, तिथल्या शिक्षकांचं थोडं ऐकायचं, पुन्हा घंटा. आपल्या पोराचा दिवस कसा जाणार, ते घरच्यांना कळावं म्हणून.

हरिबा कोळेकर दुसऱ्याच तासाला घामाघूम झाला. बाक लहान. गुडघे वरच्या फळीला टेकलेले, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला आटपाडीकडचा एक जाडजूड पाहुणा. बाहेर पडायचं तर आधी त्याला उठवावं लागणार. बायको अंजना आणि पोरगी सोनम पलीकडे बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. हरिबाची नजर सारखी खिडकीच्या गजांकडे जात होती. पोरवयात तो बापाबरोबर मेंढरांमागं गेला, तो आजवर चालतच राहिला होता.

दिवाळी झाली की त्यांच्या वाडीतली सहा घरं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघत. कराड ओलांडून घाटाखाली, एखाद्या साली खंडाळ्याच्या अंगाला, आणि पावसाच्या तोंडावर परत. अशा एकत्र चालणाऱ्या घरांना वाडा म्हणतात आणि त्यांच्या म्होरं असणाऱ्याला मोहोरक्या. हरिबा मोहोरक्या होता. हे काम लांबून सोपं दिसतं. तो एक दिवस आधी एकटा पुढं जातो, मोकळं रान हेरतो, मालकाला गाठतो, रात्री रानात खतासाठी मेंढरं बसवायच्या बदल्यात धान्य किती ते ठरवतो आणि तेवढंच चालून मागं येतो. त्याच्या शब्दावर सहा घरं घोड्यांवर बोजा चढवतात. शब्द कच्चा निघाला तर तान्ही पोरं आणि कोंबड्या घेऊन बाया भर रस्त्यात उभ्या. हरिबाच्या वाड्यातल्या बाया तशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

सोनम आजवर वाडीतच राहिली, कारण हरिबाची आई सुलाबाई घर धरून होती. वाडीच्या शाळेत चौथीपर्यंत झालं. माघात सुलाबाई गेली. आता मागं घरात कुणी नव्हतं. वाडीतल्या गुरुजींनी घरी येऊन पोरीचं नाव विट्याला घालायला लावलं, तेव्हा नवराबायकोने एवढंच ठरवलं होतं, की दिवाळीपर्यंत जाऊ दे, पुढचं पुढं बघू.

तिसरा तास वर्गशिक्षिका ऋचा मॅडमांचा. नवीन होत्या, सांगलीच्या. त्यांनी पाचवीत काय काय नवं येतं ते सांगितलं, मग प्रत्येकाला नाव आणि कामधंदा सांगायला लावलं. कुणाचं दुकान, कुणाचा भाऊ बाहेरगावी गलाईला, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणाची द्राक्षं. हरिबाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मेंढरं. गणिताचे सुमंत सर दारात उभे होते. वय झालेला माणूस, मनात खोट नव्हती.

"मेंढपाळांची मुलं दिवाळीपर्यंत दिसतात," ते म्हणाले. "मग तो बाक रिकामा. दर वर्षीचं आहे."

शेजारचा पाहुणा हसला. "त्येंचं काय, सर. घोड्यावर घर. आज हितं, उद्या तितं."

चारदोन जण हसले. अंजनाने मान खाली घातली. हरिबाच्या मागच्या बाकावर त्याच्याच वाडीतला दादासो होता, दुसऱ्या वाड्याचा. त्याला हरिबाचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. तो हळूच म्हणाला, "हरिबा, गप बस गड्या."

हरिबा पाहुण्याला सरकवून बाहेर आला. कमरेची पिशवी सोडली आणि भंडाऱ्याची चिमूट उचलली. भंडारा म्हणजे हळदच, पण बिरोबाच्या नावाने उचलली की धनगराला ती खाली ठेवता येत नाही. जमिनीचे वाद, सोयरिकी, मेंढराच्या चोऱ्या तिच्यावर मिटतात. घोटभर पाणी प्यायल्यासारखी ती कुणी उचलत नाही.

"बिरोबाची आन," तो म्हणाला. "माजी पोरगी वरीसभर ह्याच वर्गात बसंल. एक दिस चुकनार न्हाई."

चिमूट त्याने सोनमच्या कपाळाला लावली. ऋचा मॅडमांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. सुमंत सरांनी मान हलवली. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या अंजनाने आणि दादासोने.

तास संपल्यावर मॅडम व्हरांड्यात आल्या. एवढी शपथ घ्यायची गरज नव्हती, म्हणाल्या. गावाबाहेर जाणाऱ्या मुलांना शाळा एक कागद देते, तो दाखवला की वाटेतल्या कुठल्याही गावात पोर शाळेत बसू शकतं. परत आलं की पुन्हा इथंच. ते सांगायचंच होतं, पण तुम्ही मध्येच उठलात.

हरिबा म्हणाला, "मी ह्याच वर्गात म्हनलोय, मॅडम."

"अहो, मला चालेल ना दुसरीकडे बसली तर."

"तुमाला चालंल."

तिघं फाटकाबाहेर आली. सोनम पुढं चालत होती. मग अंजना थांबली.

"आवं, कोन ऱ्हानार हिच्यासंगं? मी?"

बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. पहाटे उठून भाकरी थापायच्या, वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी सोडवून गुंडाळायची, भांडी, घोंगडी, करडं, कोंबड्या घोड्यांवर अशी बांधायची की चढाला बोजा मागं सरकू नये, पुरुषांच्या आधी नव्या रानात पोचून चूल मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंजना सहा घरांच्या बायांकडून हे करून घ्यायची. हरिबाचा धाकटा भाऊ अमृत, त्याची बायको ओली बाळंतीण. बाकीच्या नवख्या. अंजना राहिली तर वाडा निघणार नाही. वाडा निघाला नाही तर माळावर मेंढरांना खायला काय, धोंडे?

"आनि तुमी ऱ्हायला, तर म्होरं कोन जानार? अमृत?" ती म्हणाली. "त्यो रानवाल्यास्नी हाय-नाय बोलायच्या आदी शिवी देतो."

पुढचे चार महिने हरिबाने वाट शोधली. थोरला पोरगा तानाजी गलाईच्या दुकानात कोइमतूरला, त्याला मालक सोडत नव्हता. विट्यातल्या वसतिगृहात एवढ्या लहान पोरीला घेत नव्हते. कराडची बहीण म्हणाली, माझ्याकडं आण, इथं शाळेत घालू. पण ती शाळा वेगळी. दादासोने सगळ्या वाडीत सांगितलंच होतं, तेव्हा झाकायची सोय नव्हती. जाणत्यांनी सुचवलं, आरेवाडीला बिरोबाच्या देवळात जा, देवापुढं चूक कबूल कर, आन सोडवून घे. हरिबा गेला. रांगेत उभा राहिला, पुढं पोचला, डोकं टेकलं आणि काही न मागता परत आला. देवाने सोडलं असतं कदाचित. पण पुढच्या साली रानवाल्यापुढं उभं राहून 'माझा शब्द' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं, ते त्याला सुचेना.

दिवाळीनंतर शाळा उघडायच्या दिवशीच वाडा निघाला. पुढं अमृत, मागं बोज्याची घोडी आणि अंजना. तिने हरिबाला पीठ कुठं, तेल कुठं ते दाखवलं, सोनमची वेणी कशी घालायची तेही. वाटेला लावायला हरिबा ओढ्यापर्यंतसुद्धा गेला नाही. एसटीची वेळ झाली होती.

मग दिवस सुरू झाले. पोरीला एसटीत बसवायचं आणि घरी यायचं. आडवा झाला तर पाठ दुखे, उभा राहिला तर काम नसे. अंगण झाडून झालं तरी दुपार व्हायची असे. चालावं म्हटलं तर कुठं चालणार, संध्याकाळच्या एसटीला पोरीसाठी फाट्यावर असायला हवं. गावातल्या रिकाम्या पोरांनी त्याला 'हेडमास्तर' म्हणायला सुरुवात केली. तो ऐकून घ्यायचा.

पौषात अमृतचा फोन आला. घाटाच्या अलीकडं एका मालकाने ठरलेलं रान ऐन वेळी नाकारलं होतं, बिऱ्हाडं रस्त्यावर उभी होती. "दादा, एक दिस ये," तो म्हणाला. "तुजं ऐकत्यात लोक."

हरिबा चपला घालून उंबऱ्यापर्यंत गेला. एसटीने कराड, तिथून पुढं, रात्रीपर्यंत पोचला असता. पण संध्याकाळी फाट्यावर पोर उतरणार, सकाळी तिला एसटीत कोण बसवणार? तो तिथंच बसला आणि अमृतला म्हणाला, वयनीला फोन दे.

"तू जा मालकाकडं," तो अंजनाला म्हणाला.

"मी व्हय?"

"तूच. अमृतला मागं ठेव. आदी त्याच्या घरच्या बाईशी बोल."

अंधार पडायच्या आत फोन आला. रान मिळालं होतं, धान्यही थोडं जास्तच. अंजनाचा आवाज दमलेला आणि मोठा होता. पुढच्या मुक्कामाचंही मीच बघते, म्हणाली. बरं झालं, असं हरिबा म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चुलीपुढं बसला. चूल पेटवायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनम उठेना. अंग गरम नव्हतं. गोधडी तोंडावर घेऊन ती म्हणाली, "आबा, मला न्हाई जायाचं. मला आयकडं जायाचंय."

त्याने समजावलं, मग दटावलं. शेवटी म्हणाला, "आन हाय, पोरी."

तिने तोंडावरची गोधडी काढली. "ती तुमी घेतली. मला कुटं इचारलं हुतं?"

खरं होतं. त्या वर्गात सगळे बोलले होते. मॅडम, सर, पाहुणा, दादासो. कपाळाला हळद लागलेली पोरगी तेवढी बोलली नव्हती.

हरिबाने कंगवा आणला आणि तिच्या मागं बसला. वेणी वाकडी झाली, सोडून पुन्हा घातली. तिने घालू दिली, पण रडायची थांबली नाही. फाट्यावर एसटी आली तेव्हा त्याने तिला चढवलं आणि या खेपेला स्वतःही चढला. दोघं एका बाकावर बसली. ती खिडकीकडं, तो वाटेच्या बाजूला, गुडघे पुढच्या पत्र्याला टेकवून. फाटकाशी ती एकदा मागं बघून आत गेली, आणि हरिबा शाळा सुटेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला.