गोऱ्या माणसांचं पुस्तक

आमची काकू वारली तेव्हा चुलतभावांनी जळगावच्या एका स्टुडिओतून तिचा मोठा फोटो करून आणला. काकूने जन्मात शालू नेसला नव्हता, फोटोत मात्र ती निळ्या पडद्यासमोर भरजरी शालूत बसलेली. ओठ लाल, गाल गुलाबी, रंग चांगला उजळवलेला. माझ्या माहेरची, असोद्यातली सगळी मंडळी म्हणाली, काय झकास फोटो निघालाय. मला ती बाई कोण तेच कळेना. पण सासरी गेलेल्या मुलीने अशा वेळी तोंड उघडलं की नाक खुपसते म्हणतात. फोटोला हार चढला आणि सगळे जेवायला बसले.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की आईचं असं होऊ द्यायचं नाही.

आईचा धड फोटोच नव्हता. लग्नकार्यांच्या फोटोंत ती असायची, पण पंगतीत वाढताना वाकलेली, पदर पुढे ओढलेला, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. एकटीचा म्हणावा असा फक्त आधार कार्डावरचा, आणि त्यात ती पकडून आणलेल्या माणसासारखी दिसते. उद्या ती गेली की भाऊ तेच कार्ड घेऊन स्टुडिओत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मला आईचा चेहरा हवा होता, होता तसा. एवढीच माझी मागणी होती, आणि ती मी कुणाकडे केलीही नव्हती.

त्या हिवाळ्यात आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तिचं उठणंबसणं करायला माणूस हवं होतं. वहिनीची कंबर आधीच धरलेली. मग धुळ्यातले माझे शिवणाचे क्लास बंद ठेवून मी असोद्याला येऊन राहिले. जळगावच्या दवाखान्यातून परतताना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला ते पुस्तक दिसलं. हिंदीत होतं, कोळशाने चेहरे कसे काढायचे ते शिकवणारं. मी तोवर रांगोळी आणि ब्लाउजचे गळे सोडून काही काढलेलं नव्हतं. हाताला वळण होतं, बाकी सगळा आनंदच होता.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की कोळसा विलो नावाच्या झाडाचा घ्यावा. हे झाड आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की त्या वाळक्या काड्यांचा ढीग परसात पडतो आणि त्यावर भरताची वांगी भाजतात. मी बोटभर लांबीच्या काड्या सोलून पावडरच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, झाकण मातीने लिंपलं आणि वांगी भाजायला विस्तव केला तेव्हा डबा त्यात सारला. भाऊ हसून लोटपोट झाला. लोक वांगी भाजतात आणि ताई काड्या भाजते, असं त्याने आल्यागेल्याला सांगितलं. पण कोळसा फार चांगला निघाला, हलका आणि मऊ, कागदावर न ओरखडता उतरणारा.

मग खोडरबराची पंचाईत झाली. पुस्तक म्हणे, मळता येईल असं रबर घ्या, नसेल तर कणकेचा गोळाही चालतो. मला बरंच झालं. परातीतून लिंबाएवढा गोळा उचलला आणि चित्रातल्या आईच्या कपाळावरची काजळी टिपायला लागले. कणकेत तेल असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तेलाचा हात न लावता कणीक मळायची हे आमच्याकडे कुठल्या बाईला सुचणार? कपाळावर पिवळट डाग पडला, तो पसरत भुवईपर्यंत आला आणि त्यावर कोळसा काही बसेना. आई म्हणाली, चांगलं माखून ठेवलं मला, आता न्हाऊ पण घाल. त्यानंतर मी माझी कणीक वेगळी, कोरडी मळायला लागले, आणि अन्नाशी कसला खेळ म्हणून वहिनीची बडबड सुरू झाली.

हे सगळं निभावलं. खरी अडचण पुढेच होती. पुस्तकात होते ते सगळे साहेब आणि मडमा. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो तिथे कागद कोरा सोडायचा, आणि नाकाखाली, हनुवटीखाली, डोळ्याच्या खोबणीत तेवढी सावली द्यायची. म्हणजे कागद हीच त्यांची कातडी. मी तसंच करत गेले आणि प्रत्येक वेळी दुसरीच कुणी बाई उभी राहायची. नाक आईचं, हनुवटीवरचं गोंदण आईचं, आणि बाई मात्र परकी. किती कागद फाडले त्याला सुमार नाही. मग एका दुपारी तिला खिडकीशी टेकवून बसवलं, नीट पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला.

माझी आई काळी होती. सावळी नाही, निमगोरी नाही, स्थळं सांगताना लोक जे शब्द चाचपडत वापरतात त्यातलं काहीच नाही. या घरात पाऊल टाकलं त्या दिवसापासून तिला ते ऐकवलं गेलं होतं. पाहुणे आले की माझी आजी तिला चुलीपुढून उठू द्यायची नाही, आईहून उजळ म्हणून थोरल्या सुनेला, म्हणजे त्या फोटोतल्या काकूलाच, पुढे करायची. मी आईच्याच रंगावर गेलेली. मला बघायला आलेल्या सासूबाईंनी धुळ्याच्या बोलीत सगळ्यांदेखत निकाल दिला होता, "पोर कायी शे, पन कामले वाघीन शे." काळी असली तरी कामाला वाघीण, हे आपण कौतुक केलं असं त्या मरेपर्यंत समजत होत्या. काळा चेहरा कसा काढायचा, हा धडा पुस्तक लिहिणाऱ्याला सुचला नव्हता, कारण त्याच्या गावात अशी माणसं चित्राला बसत नसावीत.

मी पुस्तक मिटून कोनाड्यात टाकलं. कोळशाची पूड करून फडक्याने सगळ्या कागदावर घासली. आधी काळा करून घेतला, आणि मग कोरड्या कणकेने त्यातून उजेड उचलत गेले. काळ्या चेहऱ्यावर उजेड सगळीकडे पसरत नाही. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर, खालच्या ओठावर तेवढा थांबतो, पण थांबतो तिथे चमकतो. संध्याकाळ होईतो कागदावर आई बसली होती. तिच्या डोळ्यांतलं ते पाणी, ते ऐकूनही न ऐकल्यासारखं बघणं, सगळं आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला काहीतरी येतं.

वहिनी बघून म्हणाली, बाई बाई, किती काळं केलंत. भाऊ म्हणाला, हुबेहूब आहे पण रंग जरा जास्त झाला, थोडा कमी करता आला तर बघ. मी त्याला विचारलं की इतकी वर्षं तू आईकडे डोळे मिटून बघत होतास का. तो उठून बाहेर गेला. या घरात कुणाला काही कळत नाही असं पुटपुटत मी चित्र घेऊन आईच्या खाटेशी गेले. ती माझ्या बाजूने बोलेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तिने कागद दोन्ही हातांनी कडेला धरला. पुसेल म्हणून बोट लावलं नाही. पुष्कळ वेळ बघितलं.

"मीच हाये," ती म्हणाली.

मी हसले. मग तिने कागद माझ्याकडे परत दिला.

"मले जरा गोरी कर वं माय."

मला वाटलं थट्टा करतेय. मी तिला समजावलं की यात जे सुंदर आहे ते याच रंगामुळे आहे, आणि इतकं चांगलं मला पुन्हा जमणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, लहान मूल हट्टाला पेटलं की आपण ऐकतो तसं.

"आख्खा जलम कायी म्हनूनच गेला," ती म्हणाली. "भितीवर त गोरी राहू दे."

मला असा संताप आला की कुणावर काढू ते कळेना. आजी कधीच मेलेली. भाऊ बाहेर ओट्यावर बसलेला. आईवर काढावा तर ती दुखरा पाय उशीवर ठेवून माझ्याकडे आशेने बघत होती, आणि तिने मला आजवर दुसरं काही मागितलं नव्हतं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप केला तिलाच कागदावरची ती बाई नको होती.

मी कोनाड्यातलं पुस्तक काढलं आणि कणीक मळली. कपाळापासून सुरुवात केली. कोळसा फार चटकन निघतो, त्याला धरून राहणं माहीत नाही. गाल गेले, गळा गेला, नाकाखाली पुस्तकात होती तेवढीच सावली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुस्तकाबरहुकूम एक गोरी, शांत, खानदानी बाई तयार झाली. त्यात एक चूक काढता आली नसती. आईने आरशात बघतात तसं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी ते लावायला सांगितलं. आता जमलं, असं भाऊ म्हणाला. मी आठवड्याने धुळ्याला परत आले. कोळशाला पुन्हा हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. तेच चित्र काच बसवून पुढच्या खोलीत लावलं आणि त्याला हार घातला. भेटायला आलेल्या बायका त्याला हात जोडून म्हणायच्या, तेज बघा कसं आहे चेहऱ्यावर. मी मान डोलवायचे.

यंदा भाच्याचं लग्न झालं. सून भडगावची, शिकलेली, बोलायला गोड. लग्नानंतर मी पहिल्यांदा असोद्याला गेले तेव्हा तिने पाया पडून चहा आणला आणि माझ्यासमोर बसली. बोलता बोलता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. आजी किती गोऱ्या होत्या, तिने विचारलं नाही, सांगितलं. वहिनीने अभिमानाने सांगितलं की चित्र आत्याबाईंनीच काढलंय, आईंना समोर बसवून. सुनेने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा चित्राकडे. तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

"आत्या, तुम्ही आईवर नाही गेल्या वाटतं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले, आणि कप उचलला.