ओ'डॉलनच्या विहिरीचा काठ

"आजोबांची विहीर इथंच होती!"

"विहीर कसली, कचऱ्याचा खड्डा! आईला विचार."

"आई देवाघरी गेली, डेस्मंड. तूच जाऊन विचारून ये."

सुलभाकाकू पलीकडच्या बाकावर शेंगा सोलत होत्या. त्यांचं इंग्रजी बेताचंच, पण सख्ख्या भावाबहिणीचं भांडण कळायला ते पुरलं. नोरा आणि डेस्मंड, दोघंही सत्तरी ओलांडलेले. अमेरिकेतल्या ट्रॉय गावाजवळचा हा दगडी कॅसल त्यांच्या आजोबांनी, आयर्लंडहून आलेल्या ओ'डॉलननं बांधलेला. बायकोला माहेरची आठवण येते म्हणून बुरूज, कमानीचा पूल, बर्फाची कोठीसुद्धा. बायकोचं माहेरच उचलून आणणारा नवरा काकूंनी तरी पाहिला नव्हता.

पुढं इस्टेट ट्रस्टकडे गेली. आपला मुलगा निमिष ऑफिसला गेला की काकू तिथं तण उपटायला जात. हळूहळू शनिवारी पाहुण्यांना इस्टेटही दाखवू लागल्या, निम्मं बोलून, निम्मं हातवाऱ्यांनी.

गेल्या वर्षी ट्रस्टनं ठरवलं, तो खड्डा बुजवून पार्किंग करायचं. डेस्मंड खूश. नोराताई मात्र तिथं विहीर असल्याचा कागद शोधून दमल्या.

"आजी-आजोबांच्या रोजच्या वापरातलं तेवढंच राहिलंय हो," त्या काकूंजवळ रडवेल्या झाल्या.

ट्रस्टच्या बैठकीच्या दिवशी काकूंनी निमिषला सुट्टी घ्यायला लावली आणि सगळ्यांना खड्ड्यापाशी नेलं. वेली ओरबाडून काढल्या. काठाच्या दगडाला बोटभर खोल खाचा होत्या, ओळीनं सात-आठ.

"दोराच्या आहेत," काकू म्हणाल्या. "रोज पाणी ओढलं की पडतात. यानं जन्मात कधी घागर ओढली असती तर कळलं असतं. सांग त्याला."

निमिष म्हणाला, "आई म्हणते, तुम्हाला कदाचित अनुभव नसेल..."

"मऊ करू नकोस! म्हटलं तसं सांग."

निमिषनं सांगितलं. डेस्मंड लाल झाला. मग वाकून त्यानं एका खाचेत अंगठा घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आजी रोज ओढायची," तो हळूच म्हणाला. "आई सांगायची खरी."

पार्किंग फाटकाबाहेर गेलं. विहीर उपसली, वर जाळी बसली.

या ऑक्टोबरात निमिषला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी लागली; काकूही त्याच्याबरोबर जाणार होत्या. निघण्याआधीच्या शनिवारी काकूंनी पाहुण्यांना पूल दाखवला, बुरूज दाखवला. सगळे गेल्यावर जाळीवरची मेपलची पानं झाडली, पोत्यात भरली, झाडू शेडमध्ये आडवा ठेवला आणि शेडची किल्ली ट्रस्टच्या ऑफिसच्या खिडकीतून आत टाकली.