जुन्या पोर्टाचा बोर्ड

माझा पहिला कॉम्प्युटर मार्चमधल्या एका दुपारी गेला. लोडशेडिंग संपून लाइट आली, खोलीतला बल्ब पांढराफटक झाला, पंखा भलत्याच वेगानं घोंघावला आणि कॅबिनेटमधून जळक्या रबराचा वास आला. मी बटणापर्यंत पोहोचेतो सगळं आटोपलं होतं. शेजारच्या दोन घरांतले टीव्हीही गेले. खांबावर न्यूट्रलची तार तुटून घरांत जास्त दाबाची वीज शिरली होती, असं लाइनमननं सांगितलं आणि तो पुढच्या खांबाकडे निघून गेला.

कॉम्प्युटर गेला म्हणजे आमच्या घरात पैसा येणं थांबलं. माझे यजमान गावातल्या सहकारी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब लिहायचे. कापसाचं सगळं बिनसलं, आदल्या हंगामात जिनिंगचं गेट बंद झालं आणि पगारही बंद झाला. तेव्हापासून पांढरकवड्याच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी जे मराठी टाइपिंग करत होते त्यावर घर चालत होतं. शाळांच्या प्रश्नपत्रिका, अर्ज, लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं. त्या वर्षांत लग्नपत्रिका कमी झाल्या होत्या. तेरवीची कार्डं वाढली होती आणि त्यांवरची वयं उतरली होती. मी ती टाइप करून, दोनदा तपासून देत असे. नाव चुकलं की लोक परत येत, आणि त्यांना परत यायला लावणं बरं दिसत नसे.

मराठी अक्षरांचं माझं सॉफ्टवेअर लॉकवर चालायचं. लॉक म्हणजे काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. ती कॅबिनेटच्या मागे, प्रिंटरच्या लांब पोर्टात बसवायची आणि प्रिंटरची वायर तिच्या पाठीला जोडायची. ती असली तरच सॉफ्टवेअर उघडायचं. नसली तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि सगळं बंद. डबी एकदाच मिळायची. हरवली किंवा जळाली तर सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यायचं, आणि ते कॉम्प्युटरपेक्षा महाग होतं.

बल्ब पांढरा झाला तेव्हा लॉक पोर्टातच होतं.

"डबा जळला ना? डबा नवीन आण," हे कॅबिनेटकडे बोट दाखवत म्हणाले. "मॉनिटर वाचला, प्रिंटर वाचला. नशीब समज."

"हो," मी म्हटलं. लॉकबद्दल बोलले नाही. बोलले असते तर ते म्हणाले असते, थांब जरा, पाहू. जिनिंग बंद झाल्यापासून त्यांना थांबायची सवय झाली होती. माझ्याकडे एका शाळेच्या वार्षिक परीक्षेचे हातानं लिहिलेले पेपर आले होते, पाचवी ते नववी. ते सोमवारपर्यंत झाले नाहीत तर मुख्याध्यापक यवतमाळच्या प्रेसमध्ये जाणार, आणि एकदा तिकडे गेलेली शाळा माझ्याकडे परत येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आरडी मोडली, बारा हजार घेतले आणि यवतमाळची पहिली एसटी पकडली. जळलेलं कॅबिनेट सीटखाली, सॉफ्टवेअरची सीडी पिशवीत, लॉक रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात. वाटेत मी ते सारखं चाचपत होते. हात लावून ते चालू आहे की मेलेलं हे कळणार नाही, हे माहीत असूनही.

कॉम्प्युटरचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. आत अंधार, दारापाशी तेवढा उजेड. दुकानदार तिशीचा. काउंटरपाशी वणीहून आलेले एक ट्रकमालक बसले होते. कोळशाच्या गाड्या होत्या त्यांच्या. मुलीसाठी घेतलेला कॉम्प्युटर त्यांच्यासमोर तयार होता आणि चालवून पाहायला ते लाइटची वाट बघत होते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा कोळशाकडे पैसा होता.

"या काकू, बसा," दुकानदार म्हणाला. "लाइट तीन वाजता येते. तोवर पार्ट पसंत करून घ्या."

मी तेव्हा अडतीसची होते. "आधी पार्ट दाखवा. नातं नंतर लावू."

"घ्या! भेटलं उत्तर!" ट्रकमालक हसले.

दुकानदारानं माझं कॅबिनेट उघडून आत बॅटरी मारली, वास घेतला. "मॅडम, हे त गेलं. पॉवर सप्लाय उडाला, त्यानं बोर्ड नेला, रॅम नेली, डिस्क नेली. यातलं काही कामाचं नाही." मग त्यानं एका नव्या खोक्यातून मदरबोर्ड काढून माझ्यापुढे ठेवला. "हा घ्या. लेटेस्ट हाय."

मी बोर्ड उलटा करून मागची बाजू पाहिली. "प्रिंटरचं लांब पोर्ट कुठे आहे?"

"आता कोण लावते ते? यूएसबी आलं ना."

"मला लागतं."

"कायले?"

रुमाल सोडावाच लागला. त्यानं लॉक हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "जळलं तवा हे मशीनले लागून होतं?"

"होतं."

"मंग हे गेलं असन, मॅडम. पुरं गेलं असन त बरं. आतून शॉर्ट असन त नव्या बोर्डाचं पोर्टही घेऊन जाईन. लावाचं त लावा, पण मंग वॉरंटी माह्याकडं मागू नका."

मी स्टुलावर बसले.  एसटीत मी सगळं ठरवून आले होते: बोर्ड केवढ्याचा, प्रोसेसर कोणता, रॅम किती, उरतील त्यात काय. आता त्या हिशेबाला अर्थ राहिला नव्हता. लॉक मेलं असेल तर कॉम्प्युटर घेऊन मी काय करणार होते? आणि घेतल्याशिवाय लॉकचं कळणार नव्हतं. शॉर्ट असलं तर लॉकही गेलं, नवा बोर्डही गेला, आरडीही गेली. मग काय, याच्या पुढचं मला दिसत नव्हतं. मी दोन वेळा पाणी मागून घेतलं.

मग काउंटरवरच्या तयार कॉम्प्युटरकडे पाहिलं. "भाऊ, तुमच्या मशीनला ते पोर्ट आहे का?"

"हाय वाटते. काहून?"

लॉक त्यावर लावून पाहायचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ताबडतोब कॅबिनेटवर पंजा ठेवला. "ताई, माह्या ट्रकखाली डोकं दे म्हणा, देतो. पण हे नाही. पोरगी जीव घेईन माहा."

त्यांचं चुकत नव्हतं. मीही दिलं नसतं.

काउंटरखाली जुन्या बोर्डांचा ढीग होता. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचा माल, दुकानदारानं सांगितलं. मी एक ओढून काढला. लांब पोर्ट होतं.

"हे चालू आहेत?"

"चालू हायत, पण जुने. प्रोसेसरसकट पडले हायत. याच्यावर कोण मशीन बनवते?"

"लाइट आली की याच्यावर लॉक लावून पाहू. जळला तर हा जळेल. याचे पैसे मी देईन."

"अन नाही जळला त?"

"तर हाच घेईन."

"नव्याचे पैसे घेऊन आल्या अन भंगार नेऊन राह्यल्या?"

"टाइपिंगला किती पळायचंय त्याला? मला तो जळायला नको आहे, बस."

"मालक," ट्रकमालक म्हणाले, "बाईले गिऱ्हाईक समजू नका. ह्यायले धंदा समजते."

लाइट येईपर्यंत बाकीचं निवडलं. जुन्या बोर्डामुळे पैसे उरणार होते, ते मी दुसरीकडे वळवले. दुकानदार कॅबिनेटसोबत फुकट येणारा पॉवर सप्लाय देत होता. मी तो एका हातात आणि वेगळा मिळणारा दुसऱ्या हातात घेऊन पाहिला. फुकटचा अगदी पोकळ लागला. जड घेतला. सीडी रायटर नको म्हटलं, साधा ड्राइव्ह पुरे. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको. रॅम मात्र दुप्पट घेतली, कारण लग्नपत्रिकेत गणपती टाकला की जुनं मशीन अडायचं. मोठ्या बॅटरीचा यूपीएस घेतला आणि त्याच्या आधी लावायला स्टॅबिलायझर.

"कॉम्प्युटर घेऊन राह्यल्या का सबस्टेशन?" दुकानदारानं विचारलं.

 माझं लक्ष छतावरच्या ट्यूबकडे होतं. ती लागू नये असं मला मनातून वाटत होतं. अंधार होता तोवर लॉक मेलेलं नव्हतं.

ट्यूब लागली. दुकानदारानं जुना बोर्ड रिकाम्या खोक्यावर ठेवला, रॅम बसवली, चालू डिस्क जोडली. बोर्डानं एक बारीक टुक आवाज दिला. माझ्या सीडीवरून सॉफ्टवेअर टाकायला बराच वेळ लागला. मग त्यानं मशीन बंद केलं आणि लॉकसाठी हात पुढे केला.

"मी लावते," मी म्हटलं.

बाजूचा स्क्रू काही केल्या बसेना. ट्रकमालक आपलं कॅबिनेट उचलून दारापर्यंत सरकले. दुकानदारानं बटण दाबलं.

वास आला नाही, धूर आला नाही. विंडोज आलं. त्यानं सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर ती इंग्रजी ओळ आली. लॉक सापडत नाही.

  मी पडद्याकडे पाहत उभी होते आणि डोक्यात एकच होतं, घरी गेल्यावर पेपरांचा गठ्ठा उचलून मुख्याध्यापकांकडे नेऊन द्यायचा. काय सांगायचं ते वाक्यही तयार झालं होतं.

"थांबा, थांबा," दुकानदार म्हणाला. "हे कॅफेवाले पोर्ट बंद करून ठेवत. पोरं काहीबाही लावत म्हणून."

त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं, सेटिंगच्या निळ्या पडद्यावर आत शिरला, खाली खाली गेला, एका ओळीवर थांबला. "हे पाहा. बंदच हाय." चालू केलं. पुन्हा विंडोज, पुन्हा सॉफ्टवेअर. या वेळी पान उघडलं. मी 'शाळा' असं टाइप केलं आणि पडद्यावर 'शाळा' आलं.

"आता प्रिंट काढा," मी म्हटलं.

"आलं ना पडद्यावर!"

"कागदावर पाहिजे."

कागदावरही आलं. मी पैसे दिले आणि लगेच मशीन बंद करायला सांगितलं. आता मला जास्त भीती वाटत होती, कारण आता ते चालू आहे हे माहीत झालं होतं. ट्रकमालक दारातून आत आले आणि कॅबिनेट पुन्हा काउंटरवर ठेवत म्हणाले, "ताई, आता लावून पाहता का याले?" मला हसू आलं नाही, पण त्यांनीच माझं सगळं सामान खाली ऑटोपर्यंत नेऊन दिलं.

घरी मी रात्री काही जोडलं नाही. सकाळी लाइट स्थिर असायची, तेव्हा सगळं लावलं: स्टॅबिलायझर, यूपीएस, कॅबिनेट, लॉक. यांनी बोर्ड पाहिला. "हा तर वापरलेला वाटते."

"वापरलेलाच आहे." मग मी त्यांना लॉकचं सांगितलं. ते जळालं असतं तर काय झालं असतं तेही सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. ते उठले. भिंतीवरच्या मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले, हात दांड्यावर ठेवला आणि बल्बकडे पाहू लागले.

मी गठ्ठ्यातला सगळ्यात लहान पेपर आधी घेतला, पाचवीच्या परिसर अभ्यासाचा. मध्येच काही झालं तर निदान एक तरी पुरा झालेला असावा. पान झालं की लगेच प्रिंट काढत होते, साठवून ठेवत नव्हते. तिसऱ्या पेपरापर्यंत ते तसेच उभे होते.

"चहा ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"तिथून हलू नका," मी म्हटलं आणि सहावीचं गणित घेतलं.